समुद्राच्या खाली राहून बळ्ळारी नाला शिकताना

डेल्फ्टमधली माझी खोली समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. हे मी नुसतं ऐकून सांगत नाही, आकडा बघून सांगतेय. नेदरलँड्समध्ये अख्ख्या देशाच्या उंचीचा नकाशा कुणालाही फुकट उघडता येतो. विमानातून लेझरनं मोजलेला, दर अर्ध्या मीटरला एक आकडा. खिडकीखालचा सायकल स्टँड, समोरचा कालवा, पलीकडचं गवत, सगळ्यांचे आकडे उणे. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. तरी जुलैत आमच्याकडचा बळ्ळारी नाला फुगतो आणि आईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "शिवारात पाणी शिरलंय बघ."

येळ्ळूरच्या मामांना अजून वाटतं की मी बागकाम शिकायला आलेय. "लॉन लावायला शिकायचं आणि त्याला एवढी फी?" असं त्यांनी दिवाळीत व्हिडिओ कॉलवर विचारलं. फीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं आहे. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना इथं वर्षाला वीस हजार युरोंच्या वर मोजावे लागतात, आणि कर्जाची फाईल घेऊन बाबांनी किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. मी शिकतेय ते लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे जमीन, पाणी आणि वस्ती यांची एकत्र आखणी. त्यात लॉनचा विषय मात्र अजून निघालेला नाही. बेळगावात व्हीटीयूच्या अभ्यासक्रमात पाच वर्षं बी.आर्क. केलं, तेव्हा लँडस्केप म्हणजे प्लॅन पूर्ण झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यांत हिरवे गोळे काढायचे, असा आम्हा सगळ्यांचा समज होता. इथं सुरुवातीला इमारत काढायचीच नाही. माती आणि पाणी एका ट्रेसिंग पेपरवर, रस्ते आणि कालवे दुसऱ्यावर, वस्ती तिसऱ्यावर. मग हे थर एकमेकांवर ठेवून कुठला थर किती सावकाश बदलतो ते बघायचं. घरं एका पिढीत बदलतात, रस्त्यांना त्याहून जास्त काळ लागतो, माती आणि पाण्याला शतकं लागतात. जो थर सगळ्यात सावकाश बदलतो त्याचं आधी ऐकायचं. डच लोकांनी हे काही तत्त्वज्ञान म्हणून काढलेलं नाही. ज्यानं मातीचं ऐकलं नाही त्याचं घर खचलं, एवढाच त्याचा इतिहास.

आमच्या आर्किटेक्चर फॅकल्टीची इमारतही बघण्यासारखी आहे. आधीची १३ मे २००८ ला जळाली. कॉफीच्या मशिनमध्ये पाणी गळून शॉर्ट सर्किट झालं. एवढ्या आर्किटेक्टांची इमारत कॉफीपायी जावी याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. त्यानंतर सगळा कारभार युलियानालानवरच्या जुन्या लाल विटांच्या इमारतीत हलला आणि अंगणांवर काचेची छपरं चढली. दुपारी सगळे तिथल्या नारिंगी पायऱ्यांवर बसून थंड सँडविच खातात. मी मसुराची आमटी-भात खाते. मसूर हेगच्या सुरिनामी दुकानात मिळतो. त्या दुकानदार बाईंचे पूर्वज बिहार-उत्तर प्रदेशाकडून उसाच्या मळ्यांवर सुरिनामला गेले, पुढची पिढी तिथून हॉलंडात आली. आमचं संभाषण त्यांच्या भोजपुरी वळणाच्या आणि माझ्या बेळगावी वळणाच्या हिंदीत चालतं. दोघींनाही अर्धंच कळतं, पण कोथिंबिरीचा भाव बरोबर कळतो.

खरी गंमत सेक्शनमध्ये आहे. सेक्शन म्हणजे जमीन उभी कापून बाजूनं बघायची. हा देश इतका सपाट की खऱ्या प्रमाणात काढला तर कागदावर एक रेघ दिसते, बाकी काही नाही. म्हणून उंची दहापट ताणून काढतात. तेव्हा कुठं बांध, चारी, रस्ता, कालवा यांच्या पातळ्या वेगळ्या दिसायला लागतात. शेतातलं पाणी चारीत, चारीतलं पंपानं उचलून वरच्या कालव्यात, तिथून नदीत किंवा समुद्रात. जमीन खाली आणि तिचं पाणी वाहून नेणारा कालवा वर, हे पहिल्यांदा काढताना डोकं चक्रावतं.

या पातळ्या निसर्गानं ठरवलेल्या नाहीत. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यासाठी चारीतलं पाणी कुठल्या पातळीला ठेवायचं याचा लेखी, जाहीर निर्णय असतो. मसुदा लोकांसमोर ठेवतात, हरकती घेतात, मग तो कायम होतो. गाईवाल्याला पातळी खाली हवी असते, कारण ट्रॅक्टर रुततो. जुन्या घरात राहणाऱ्याला वर हवी असते, कारण पाणी उतरलं की घराखालचे लाकडी खांब उघडे पडून कुजतात. भांडण होतं, पण ते कागदावरच्या आकड्यावर होतं. हे सगळं बघायला पाणी मंडळं आहेत, देशात एकूण २१. त्यांची सुरुवात तेराव्या शतकातली, म्हणजे आपल्याकडं यादवांचं राज्य होतं तेव्हाची. त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात आणि वेगळा करही असतो. आपल्याकडं पाण्याच्या पातळीचा एकच आकडा लोकांना पाठ आहे, आलमट्टी धरणाचा. ५१९ मीटर की ५२४, यावर चिकोडी-अथणीकडच्या चहाच्या टपरीवर कुणीही तासभर बोलेल. शिवारातल्या नाल्याचा आकडा विचारला तर कुणाकडंच नसतो.

दुसऱ्या सत्रात आम्हाला सहलींना नेलं. रॉटरडॅमचा बेंथेमप्लाइन चौक तुम्ही कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये बघितला असेल. २०१३ मध्ये बांधलेला. एरवी पोरं तिथं बास्केटबॉल खेळतात, पाऊस आला की चौकाची तळी होतात. सगळे फोटो काढत होते, मी फोनवर गणित करत बसले. तीन खोलगट जागा मिळून १७ लाख लिटर पाणी मावतं. आपल्याकडं तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर साडेआठ एकरांच्या पाण्यात तो चौक भरला. वडगावच्या चार गल्ल्या पुरे! चौक सुंदर आहे, रॉटरडॅमला शोभतोही. पण असा एखादा चौक बांधून स्मार्ट सिटीची फीत कापली की काम झालं, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी हे गणित लिहून ठेवते.

नायमेखेनला मात्र मी गप्प झाले. १९९३ आणि १९९५ ला नद्या इतक्या फुगल्या की १९९५ मध्ये अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर या लोकांनी बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी तीसहून जास्त ठिकाणी नदीलाच जागा करून दिली. नायमेखेनसमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर आत सरकवला आणि मध्ये नदीला दुसरा फाटा खणला. त्यासाठी जवळजवळ पन्नास घरं पाडावी लागली. माहितीफलकावर ती गोष्ट चार ओळींत आहे, घरं गेलेल्यांना ती किती वर्षं पुरली असेल! ओव्हरडीपच्या शेतकऱ्यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटली. त्यांची जमीन पुरासाठी लागणार हे कळल्यावर त्यांनीच पुढं होऊन आराखडा मांडला: बांधाला लागून मातीचे उंचवटे करा, त्यावर आमची घरं आणि गोठे बांधा, बाकी जमिनीवर पूर आला तर येऊ दे. १७ पैकी निम्म्याहून कमी शेतं तिथं राहिली, बाकीच्यांनी मोबदला घेऊन दुसरीकडं बस्तान बसवलं.

मग प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. इथं त्याचे पाच टप्पे असतात, पी-वन ते पी-फाइव्ह. दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर पुढं जायचं की थांबायचं ते ठरतं. वर्गातल्या बहुतेकांनी इथलीच जागा घेतली. मी बळ्ळारी नाला घेतला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. हा नाला येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारांतून पुढं मार्कंडेय नदीला मिळतो. मार्कंडेयचं पाणी घटप्रभेत, घटप्रभेचं कृष्णेत. याच शिवारांत बेळगाव बासमती पिकतो. भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. नाल्यात आता शहराचं सांडपाणी आहे, जलपर्णी आहे, गाळ आहे, आणि आजूबाजूला भर घालून वर आलेले रस्ते आणि प्लॉट. पाऊस सलग दोन-तीन दिवस लागला की पाणी मागं फुगतं.

पहिली अडचण नकाशाची. इथं अर्ध्या मीटरला एक आकडा मिळतो. बेळगावसाठी फुकट मिळणारा उपग्रहाचा नकाशा तीस मीटरला एक आकडा देतो. ज्या शिवारात एक हात उंचीच्या बांधावर पाणी कुठं जाणार ते ठरतं, तिथं त्या नकाशाचा उपयोग शून्य. जमिनीचे उतारे कन्नडमध्ये, आज्जाच्या कपाटातले जुने कागद मराठीत, त्याहून जुने मोडीत. मोजणीच्या नकाशात हद्द सापडते, उंची सापडत नाही.

मग मी घरूनच मोजायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत पूर्वी घरोघर हातमाग होते. आज्जाचा खड्डामाग होता, म्हणजे पाय चालवायला जमिनीत कमरेइतका खड्डा. पावसाळ्यात त्या खड्ड्यात खालून पाणी पाझरायचं आणि मग विणकाम बंद. कुठल्या घरात मृगात पाणी यायचं, कुठं आषाढात, कुठं कधीच नाही, हे आज्जीला तोंडपाठ आहे. तिनं सांगितलं, आईनं लिहून घेतलं, मी नकाशावर मांडलं. ठिपके जोडले तर चक्क भूजलाच्या रेषा तयार झाल्या, आणि त्या नाल्याच्या दिशेनं उतरत होत्या. माझ्या गाईड बाईंनी तो कागद भिंतीवर लावून ठेवलाय. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीसारख्या जुन्या विहिरीही मी त्यात घेतल्यात. १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं तेव्हा पाण्यासाठी खोदलेली ती विहीर आपण पाहुण्यांना इतिहास म्हणून दाखवतो. मला ती पाण्याची पातळी मोजायची पट्टी म्हणून हवी आहे.

पी-टूच्या ज्युरीत पहिला प्रश्न आला, "पाण्याची पातळी किती ठेवणार?" अगदी डच प्रश्न! हॉलंडात वर्षाला साधारण ८५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिने थोडा थोडा. बेळगावात १३०० च्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तिथं पातळी बांधून ठेवायची म्हटलं तर जूनमध्येच पंप जळतील. मी मामांकडून घेतलेली भाताची वर्षभराची दिनदर्शिका पुढं ठेवली. काहीजण धूळवाफ पेरतात, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, काहीजण रोप लावतात. उभं भात चार दिवस पाण्याखाली गेलं तरी सावरतं, आठवडा उलटला की कुजतं. पुराचं पाणी शिवारात येऊच नये असं मामांचं म्हणणं कधीच नव्हतं. ते वेळेत उतरावं, एवढंच. म्हणून माझ्या आराखड्यात पातळी ठरवलेली नाही, दिवस ठरवलेत. कुठल्या पट्ट्यात पाणी किती दिवस थांबलं तर चालेल, आणि तेवढ्यात ते उतरायला नाल्याला किती रुंदी लागेल, कुठला रस्ता कापून मोरी मोठी करावी लागेल, हे उलटं काढत जायचं. ज्युरीतल्या एका वयस्कर इंजिनिअरनी चष्मा काढून तो तक्ता परत परत बघितला आणि म्हणाले, हे आमच्या कायद्यात बसणार नाही. मी म्हटलं, बरं झालं.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र वर्मी लागला. "साफ कोण करणार?" इथं शरद ऋतूत चाऱ्यांची तपासणी होते. ज्याच्या जमिनीला लागून चारी, त्यानं ती ठरल्या मुदतीत साफ करायची. मंडळाचा माणूस येऊन बघतो, केली नसेल तर दंड. आपल्याकडं नाला एक आणि हद्दी अनेक. शहर संपलं की खातं बदलतं, गाव लागलं की पुन्हा बदलतं, आणि गाळ तिथंच राहतो. मे महिन्यात जेसीबी आला तर काढलेला गाळ काठावरच टाकतो आणि पहिल्या पावसात तो परत आत. माझ्या आराखड्यात काठानं आठ फुटांची वाट आहे. फिरायला नव्हे, पेव्हर बसवायला तर नाहीच. गाळाचा ट्रॅक्टर जायला. त्या वाटेची जमीन कोण देणार, यावर मामांशी दर रविवारी वाद चालू आहे. "आमच्याच बांधातनं घेतीस व्हय?" इथपर्यंत गाडी आलीय. ओव्हरडीपची गोष्ट मी त्यांना सांगितली. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "मोबदला किती मिळाला त्यास्नी?"

जूनमध्ये येतेय. बेळगावातल्या एका मित्राकडून डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायची दुर्बीण, उसनी मिळाली आहे, येळ्ळूर रस्त्यापासून खाली शिवाराचा सेक्शन प्रत्यक्ष मोजायचा आहे. तोपर्यंत तुमच्याकडून एक मदत हवी. वडगाव, शहापूर, जुने बेळगाव, येळ्ळूर भागात ज्यांची घरं किंवा शेतं आहेत, त्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, पंपाच्या खोलीवर कुठवर आलं होतं तिथं खडूनं रेघ मारून ठेवा. किती दिवसांनी उतरलं ते बाजूला लिहा. नक्की आठवत नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि ज्यांच्या घरात अजून मागाचा खड्डा आहे, त्यांनी तो बुजवायच्या आधी मला एकदा मोजू द्या.