सीबीसीतला तो वाढलेला आकडा

आज दिवसभर सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट बघताना पुन्हा जाणवलं, क्रॉनिक ल्युकेमिया, म्हणजे हळूहळू वाढणारा रक्ताचा कर्करोग, बऱ्याचदा भलत्याच कारणासाठी काढलेल्या रक्तात सापडतो. दुखत काही नाही, मग माणूस डॉक्टरकडे जाईल तरी कशाला?

खुणा असतात, पण बारीक. चार घास खाल्ले की पोट गच्च, डाव्या बरगडीखाली जडपणा. वाढलेली प्लीहा जठरावर दाबते म्हणून हे होतं, त्यातल्या सीएमएल या प्रकारात विशेष. लोक मात्र ॲसिडिटीच्या गोळ्या घेत बसतात. सीएलएल या दुसऱ्या प्रकारात मानेत, काखेत न दुखणाऱ्या गाठी, वरचेवर इन्फेक्शन, कधी नागीण. रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम किंवा काही न करता सहा महिन्यांत 10 टक्के वजन उतरणं, हे तर वयावर ढकलूच नये.

रिपोर्टमध्ये नुसते टक्के बघू नका. पांढऱ्या पेशी 14,000 आणि त्यातल्या लिम्फोसाइट (सीएलएलमध्ये वाढणाऱ्या पेशी) 60 टक्के, म्हणजे प्रत्यक्षात लिम्फोसाइट 8,400. व्हायरल तापातही हा लिम्फोसाइटचा आकडा चढतो, पण सहसा काही आठवड्यांत उतरतो. तीन महिने 5,000 च्या वरच राहिला तर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी, करावी लागते. तीही हातातून काढलेल्या साध्या रक्तावर होते. बोन मॅरो तपासणीच्या (हाडातला मगज काढण्याच्या) धास्तीने टाळाटाळ करणारे फार, म्हणून मुद्दाम सांगतोय. न्यूट्रोफिलबरोबर बेसोफिल (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) आणि कच्च्या पेशीही वाढलेल्या दिसल्या, तर सीएमएलसाठी बीसीआर-एबीएल ही जनुकाची तपासणी.

आणि जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका. तारखेप्रमाणे लावून डॉक्टरांपुढे ठेवा.