दुधाळ नदी सोडून पुढे: ग्रीनलँडमधला एकालुक

कांगरलुसुआकची धावपट्टी अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात बांधलेली. तिच्या शेजारूनच नदी वाहते, पण हिमनदीने दगड दळून केलेल्या पिठाने ती दुधाळ, राखाडी झालेली असते. असल्या पाण्यात फ्लाय, म्हणजे गळाला बांधलेलं पिसांचं आमिष, टाकणं फुकट, कारण ‘आर्क्टिक चार’ नावाचा इथला मासा नजरेने शिकार करतो. इथल्या भाषेत त्याला एकालुक म्हणतात. म्हणून आम्ही बोटीने फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, खाली उतरलो आणि तळ्यातून निघणारी, तळाचा गोटा न् गोटा दाखवणारी एक नदी गाठली.

जुलै संपत आला होता. गुडघ्याएवढी विलोची झुडपं, झाड म्हणावं असं एकही नाही, आणि डास? डोक्यावर जाळी घेतल्याशिवाय बोलायचीही सोय नाही.

कोकणात गरवताना शिशाच्या वजनाने तंगूस लांब जातो. इथे फ्लायला वजनच नसतं. पिसं, रंगीत धागे आणि गळ, बस्स. वजन असतं ते जाड लाइनला, म्हणजे गळाच्या दोरीला. ती मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे झोकायची. प्रवाहाला आडवी टाकायची, पाण्याला ती ओढू द्यायची, मग बोटांनी वीत-वीत खेचायची. आमच्याकडे भडक गुलाबी फ्लाय होत्या. समुद्रातून परतलेला एकालुक नदीत फारसं खात नाही. तरी हा गुलाबी चाळा समोरून गेला की तो चिडून तोंड घालतो, असं वाटाड्याचं मत. मला ते पटलं.

पहिला मासा लागला तो थेट खाली पळाला, रीळ किंचाळलं. हातात आला तेव्हा चांदीसारखा लखलखीत, पाठ निळसर हिरवी, अंगावर फिकट ठिपके, परांना पांढरी कड. नदीत जुने झालेले नर मात्र पोटाला शेंदरी होऊ लागले होते.

हे मासे समुद्रात राहतात ते उन्हाळ्याचे जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात बारीक कोळंबीसारखे जीव आणि कॅपेलिन नावाचे छोटे मासे खाऊन चरबी साठवायची. हिवाळ्यात खारं पाणी शून्याच्याही खाली, उणे 1.8 अंशांपर्यंत उतरतं. त्यात यांचं रक्त गोठेल. तळ्यात बर्फाखाली पाणी शून्याच्या वरच राहतं. म्हणून परतायचं, शरदात खडीत अंडी घालायची, आणि पॅसिफिक सामन माशासारखं अंडी घालून मरून न जाता पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा समुद्राकडे.

मी मासे सोडत होतो ते वाटाड्याला फारसं रुचत नव्हतं. ‘अन्नाशी खेळ कशाला?’ एवढंच तो म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी त्याने एक ठेवला, चिरला. मांस लालसर केशरी. निम्मा मिठाच्या पाण्यात उकडला, उरलेल्यातला तुकडा स्वतः कच्चाच खाल्ला. उकडलेला उत्तम होता. तिरफळं हवी होती, हे मात्र मी बोललो नाही.

सकाळी समोरून वारा सुटला, लाइन तोंडावर येऊ लागली. वाटाड्याने न विचारताच बोट पाण्यात ढकलली.