वाशिष्ठीतला खजुरा आणि टेक्सासची पेटी

पाहुणे मूळचे चिपळूणकडचेच, पण बरीच वर्षं टेक्सासातल्या डॅलसला स्थायिक झालेले. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. शनिवार-रविवार तिथल्या तळ्यांवर बास नावाचा मासा पकडत घालवायचे, हा त्यांचा छंद. दिवाळीला घरी आल्यावर एक सकाळ माझ्या होडीतून वाशिष्ठी नदीत खजुरा गरवायला, म्हणजे गळाने मासा धरायला, यायचं, हे त्यांनी पावसाळ्याआधीच फोनवर ठरवून टाकलं होतं. सोबत शाळकरी लेक. ती बापाइतकीच या नादातली.

माझा धंदा होडीचा. एरवी पर्यटकांना खाडीतल्या मगरी दाखवतो, आणि पाऊस ओसरून पाणी निवळलं की गरवणाऱ्यांना घेऊन जातो. मुंबई-पुण्याचे लोक येतात, कुणी बंगळुरूहून येतो. पण आपली सगळी हत्यारं अमेरिकेतून घेऊन आलेला माणूस माझ्या ओटीवर पहिल्यांदाच बसला होता.

आदल्या संध्याकाळी त्यांनी खोट्या आमिषांची पेटी उघडली. कप्प्याकप्प्यांत रबरी गांडुळं होती, टीचभर लांबीची, काळी-निळी आणि भोपळ्याच्या रंगाची. तारेवर फिरती पितळी पाती आणि खाली रबराचा झालर असलेले स्पिनरबेट. चौकोनी ओठाचे क्रँकबेट, ते ओंडक्यावर आपटून उसळी घेतात. रीळ बेटकास्टरचं, त्यावर १२ पौंडी फ्लुरोकार्बन तंगूस, म्हणजे गळाची दोरी. सगळं सामान स्वच्छ, निगुतीने लावलेलं. माणूस मन लावून हे करतो हे पेटीवरूनच कळत होतं.

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. आपला खजुरा म्हणजे रायगडातला जिताडा, गोव्यातला चोणक, ऑस्ट्रेलियातला बारामुंडी. इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात, पण शास्त्राच्या हिशेबाने दोघांची घराणी वेगळी. स्वभाव मात्र बराच सारखा. दोघंही पाठलाग करून दमणारे नाहीत. आडोशाला दबा धरायचा, भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं. त्यामुळे बासवर हात बसलेल्या माणसाला मासा कुठे उभा असेल हे फारसं शिकवावं लागत नाही. तो केव्हा उभा असेल, हे मात्र नव्याने शिकावं लागतं. तळ्याचं पाणी जागेवर असतं, खाडीचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं.

दुसरा दिवस कार्तिक शुद्ध पंचमीचा. भरतीची वेळ आम्ही अजून तिथीवरूनच काढतो. तिथीची पाऊणपट करायची: पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास मुखाशी, दाभोळला, पूर्ण भरती. ते पाणी वर मालदोलीच्या बाजूला पोचून फिरायला आणखी तासभर तरी जातो. म्हणजे फटफटायच्या वेळेला ओहोटी चांगली लागलेली असणार, आणि ती दहा-अकरापर्यंत पुरणार. मोबाइलवर भरतीचं कोष्टक असतंच, तेही मी बघतो. पण पंचमी-षष्ठीची पहाट म्हटली की मला कोष्टक उघडायच्या आधीच उत्तर माहीत असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार जोरात जातं आणि गढूळ होतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यांत कमी असते तेव्हा, ते नुसतं रेंगाळतं. मधल्या तिथी गरवायला सगळ्यांत बऱ्या.

तात्या माझ्याकडे होडीवर असतात. जन्म खाडीत गेलेला माणूस. पहाटे निघताना त्यांनी लेकीला एकच सूचना केली, "बाय, हात पाण्यात सोडायचा नाय." वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि मालदोलीच्या पट्ट्यात तर त्या हमखास दिसतात. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी पोफळीकडून याच नदीत उतरतं, त्यामुळे वरच्या अंगाला बारमाही गोडं पाणी येत राहतं. मगरीला ते मानवतं. खजुऱ्यालाही. त्याला खारं, मचूळ आणि गोडं तिन्ही चालतं.

तिवरांतून एक व्हाळ, म्हणजे ओढा, खाडीला मिळतो, तिथे नेलं. इंजिन बरंच अलीकडे बंद केलं, वल्ह्याने सरकत गेलो आणि नांगर आवाज न करता सोडला. व्हाळाच्या तोंडाशी मचूळ पाण्याचा पट्टा मुख्य धारेत शिरताना स्पष्ट दिसत होता. एका बाजूला हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूला चहासारखं. ओहोटीला तिवरांच्या मुळांतलं पाणी उपसलं जातं आणि त्याबरोबर कोळंबी, बोईटाची पिल्लं बाहेर पडतात. खजुरा त्या दोन पाण्यांच्या शिवेवर, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. म्हणून आमिष व्हाळात वरच्या अंगाला टाकायचं आणि प्रवाहाबरोबर खाली येऊ द्यायचं. उलट, प्रवाहाविरुद्ध ओढत आणलेलं बोईटाचं पिल्लू माशाने कधी पाहिलेलं नसतं.

भाऊंना सुरुवात स्वतःच्या रिळावर करायची होती. मला त्यात काही गैर वाटलं नाही. स्पिनरबेट त्यांनी असा नेम धरून टाकला की पाती फांदीला घासून गेली, पण अडकली नाहीत. थोड्याच वेळात पाण्यात भॉक असा आवाज झाला. खजुरा आमिष घेतो तेव्हा तो आवाज येतो. एकदा ऐकला की विसरत नाही. काठी वाकली, मासा पूर्ण पाण्याबाहेर आला, हवेतच त्याने डोकं दोन्हीकडे झटकलं आणि कल्ले ताडकन उघडले. तंगूस सैल.

मी ते टोक हातात घेऊन लेकीला दाखवलं. दगडाला किंवा कालवाला घासून तुटलेलं तंगूस खरबरीत असतं, वरपर्यंत ओरखडे असतात. हे पातीने कापल्यासारखं सरळ होतं. खजुऱ्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, हात लागला तर बोट कापतं. उडी मारून डोकं झटकताना तंगूस त्या कडेवर आलं की १२ पौंडी फ्लुरोकार्बनचं काही चालत नाही. बासच्या तळ्यात ही अडचण येत नाही. बासला तर खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलतात.

मग सामान बदललं. ३० पौंडी वेणीची दोरी, पुढे हातभर ५० पौंडी जाड लीडर, म्हणजे गळाकडचा न कापला जाणारा तुकडा. दोन्ही जोडायला एफजी गाठ. ती बांधायला वेळ लागतो, पण बारीक बसते आणि काठीच्या कड्यांतून न अडखळता जाते. क्रँकबेट मी बाजूला ठेवायला सांगितले, कारण त्यांचे बारीक तारेचे तीन तोंडांचे गळ मोठ्या खजुऱ्याच्या ओढीने सरळ होतात. ते वापरायचेच तर घरूनच जाड एकेरी गळ लावून आणावेत. ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रिळाने दोरी सोडायची तो ब्रेक, साडेतीन किलोच्या आसपास, तराजू लावून ठरवला. ड्रॅग हाताच्या अंदाजाने लावणारे बरेच असतात, आणि मासा मुळांत शिरला की तो अंदाज महाग पडतो.

पण पेटीतली एक गोष्ट आमच्या खाडीला अगदी नेमकी लागू पडली: टेक्सास रिग. गळाचं टोक रबरी आमिषाच्या पाठीत दडवायचं, म्हणजे ते शेवाळात, फांद्यांत अडकत नाही. तिवरांच्या मुळांत उघडा गळ टाकणं म्हणजे दर दोन फेकींना आमिष गमावणं. गांडुळाऐवजी आम्ही त्याच गळावर चार इंची शॅड चढवला. शेपटीला रुंद पातं असलेलं हे रबरी पिल्लू, रंग बोईटासारखा रुपेरी, गळाच्या दांड्याला थोडं शिसं. भाऊ लेकीला म्हणाले, "तळ्यावर ओंडक्याखाली टाकतेस ना, तस्संच टाक. काठी वर नेऊ नकोस, खालून झुलवून सोड."

तिने सोडलं. आमिष वाकलेल्या तिवराच्या फांदीखालून, पाण्याच्या वितभर वरून सरकत गेलं आणि फारसा आवाज न करता बुडालं. मोठ्या माणसांनाही ती फेक एवढी नीट जमत नाही. प्रवाहाने ते शिवेवर आणलं, आणि तिथे ते थांबलं.

"काका, अडकलं बहुतेक."

अडकलं नव्हतं. फांदी अशी बाजूला सरकत नाही. मी म्हटलं, फिरवत राहा, दोरी ताठ झाली की काठी आडवी ओढ. बासला झटका मारायची सवय असलेला माणूस इथे फार लवकर झटका मारतो. आमिष माशाच्या तोंडात वळायच्या आतच ते बाहेर येतं. तिने सांगितल्याप्रमाणे केलं, आणि रीळ ओरडायला लागलं.

तात्यांनी तोवर नांगर सोडवला होता. मोठा मासा लागल्यावर होडी मुळांपासून लांब नेणं हे गरवणाऱ्याच्या जोरापेक्षा जास्त कामाचं. मी तिला काठीचं टोक पाण्यालगत ठेवायला लावलं, कारण ओढ खालून असली की माशाला उडी मारणं जड जातं. तरी त्याने दोनदा अंग बाहेर काढलं. पहिल्यांदा दिसला तेव्हा भाऊंच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या वेळी सूर्य वर आलेला होता आणि माशाचा डोळा निखाऱ्यासारखा लाल चमकला. पोरीचे हात थरथरत होते. बापाने काठी मागितली नाही, तिनेही दिली नाही. मला ते फार आवडलं.

जाळीत आल्यावर होडीच्या कडेवर चिकटवलेल्या पट्टीवर मापलं. ९७ सेंटीमीटर. माप घेताना आधी चटई भिजवून घेतली होती, हात ओले केले होते आणि एक हात कायम पोटाखाली होता. एवढा मासा नुसत्या जबड्याला धरून लटकवला तर त्याच्या मानेचे सांधे दुखावतात. फोटो काढताना लोक हेच करतात आणि मग सोडलेला मासा मरतो.

खजुरा नर म्हणून मोठा होतो आणि पुढे त्याची मादी होते. साधारण ८० सेंटीमीटरच्या पुढचे बहुतेक मासे माद्याच असतात. म्हणजे जाळीत होती ती पावसाळ्यात मुखाकडे उतरून लाखो अंडी घालणारी मादी. माझ्या होडीवर अशा माशाला परत सोडतात, हे मी आरक्षण घेतानाच सांगतो. भाऊंना ते वेगळं समजवावं लागलं नाही. ते गरवतात त्या लेक फोर्क नावाच्या तळ्यावर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवूच देत नाहीत. टेक्सासचा सर्वांत मोठा बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ साली त्याच तळ्यात मिळाला, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. तात्यांचं मत थोडं वेगळं असतं. दहा किलोच्या आसपासचा खजुरा म्हणजे बाजारात किती पैसे, हे त्यांना कुणी सांगायला नको. तरीही जाळीचा दांडा त्यांनीच उचलला.

आणि तेवढ्यात समोरच्या चिखलावर उन्हाला पसरलेली मगर उठली. घाईने नाही. पोट घासत पाण्यापर्यंत आली आणि आत उतरली. वर काहीच राहिलं नाही, बुडबुडेसुद्धा नाहीत.

एरवी मासा सोडताना मी त्याची शेपटी हातात धरून, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. तिथे ते शक्य नव्हतं. दमलेला, पाण्यात धडपडणारा मासा मगरीला लांबूनही जाणवतो. जाळी पुन्हा आत घेतली, मासा ओल्या चटईवर ठेवला, डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि तात्यांनी इंजिन लावलं. लेक बादलीने कल्ल्यांवर पाणी सोडत होती, धार बारीक आणि न थांबणारी. खाली रुंद पात्रात, जिथे ओहोटीची धार मोकळी वाहते, तिथे होडी प्रवाहाकडे तोंड करून धरली. जाळी दांड्यानेच पाण्यात सोडली, हात सगळ्यांचे होडीत. मासा आधी एका कुशीवर कलला. मग कल्ले हलू लागले, सुरुवातीला उथळ, नंतर लांब आणि नियमित. लोक अशा वेळी माशाला मागे-पुढे हलवतात. ते करू नये, पाणी पुढूनच तोंडात जायला हवं. अंग सरळ झालं, शेपटीचा एक फटका जाळीला बसला, तेव्हा तात्यांनी दांडा कलता केला. मासा खाली गेला, वर आला नाही. आम्ही तिथेच थोडा वेळ थांबून पाहिलं.

उरलेल्या ओहोटीत भाऊंना साधारण दोन किलोचा एक खजुरा मिळाला. तो घरी नेला, आजोबांसाठी. तो मिळाला ती जागा खडकांची होती आणि तिथे टेक्सास रिग नाही, १४ ग्रॅम शिशाच्या डोक्याचा साधा गळ चालला. पाणी उपसत आलं की मासा मुळं सोडून खोलात उतरतो, त्याच्या मागे आमिषही तळाशी गेलं पाहिजे.

मेच्या सुट्टीत ते परत यायचं म्हणतायत. वद्य पंचमी-षष्ठीच्या सकाळी मी राखून ठेवल्या आहेत. त्यांना एवढंच कळवलंय की काठी तीच आणा, टेक्सास रिगचे गळ आणा पण जाड तारेचे, चार-पाच इंची शॅड भरपूर आणा, गांडुळं घरी ठेवलीत तरी चालेल. आणि रीळ खाऱ्या पाण्याला टिकणारं घ्या. गोड्या पाण्यासाठी बनवलेलं त्यांचं ते सुंदर रीळ आम्ही त्या दुपारी विहिरीच्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल घालून दिलं होतं, तरी हँडलच्या स्क्रूवर गंजाचा पहिला ठिपका डॅलसला पोचेपर्यंत आला होता.