बी-२७५ ट्रॅक्टरला तिसऱ्यांदा रंग: सांधे, कडा आणि मोरचूद

डावं मडगार्ड उतरवलं तेव्हा खालच्या बाजूला पत्र्याऐवजी पापडच हातात आला. बाहेरून तिथे बोटाच्या पेराएवढा एकच फोड होता, बाकी रंग शाबूत. आत मात्र, जिथे मडगार्डला मजबुतीची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडलेली असते त्या दुहेरी पत्र्यात, गंजाचे थर होते आणि त्यांवर हिरवट-निळी पूड. ती पूड बघितल्यावर या वेळच्या कामाचा बेतच बदलला.

नवीन मंडळींसाठी ट्रॅक्टरची ओळख. महिंद्रा बी-२७५, आमच्या घरी १९७८ पासून. मूळ मॉडेल इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीचं. १९६३ मध्ये महिंद्राने त्यांना भागीदार घेऊन इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि हे आपल्याकडचं झालं. आमच्या ट्रॅक्टरने पलूसच्या काळ्या रानात नांगरट केली, कारखान्याला ऊस ओढला आणि शेवटची पंधराएक वर्षं दहा फुटी ओळींच्या जुन्या द्राक्षबागेत ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालवला. आता बागेला लहान ट्रॅक्टर आहे. हा शेडमध्ये असतो आणि बेंदराला बैलांच्या मागोमाग मिरवायला निघतो.

याआधी दोनदा रंग दिलाय. पहिला तीन वर्षांत उडाला, दुसरा पाचात. दोन्ही वेळा मी रंगाच्या डब्याला शिव्या घातल्या. या खेपेला खरवडायच्या आधी रंग जिथे जिथे सुटलाय तिथे खडूने गोल केले आणि फोटो काढून ठेवले. फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. बोनेटच्या सपाट भागावर, म्हणजे जिथे दिवसभर ऊन पडतं, तिथे रंग गुलाबी पडलाय पण घट्ट चिकटून आहे. सुटलाय तो दुहेरी पत्र्याच्या सांध्यांत, धारदार कडांवर, बॅटरीच्या पेटीखाली आणि मागच्या चाकांच्या डिस्कला व्हॉल्व्हच्या भोकाभोवती. वजनासाठी ट्यूबमध्ये पाणी भरतो ना आपण, ते सांडतं आणि तिथेच मुरतं. म्हणजे उन्हाने रंग फक्त फिका केला. उडवला तो आतल्या गंजाने.

आता त्या निळ्या पुडीचं. ब्लोअरने बागेवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारायचो. ते करताना १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी, आणि जमलंय का बघायला विळ्याचं पातं बुडवायचं, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. पात्यावर तांबूस लेप चढला की चुना कमी पडला. तो लेप म्हणजे द्रावणातलं तांबं लोखंडावर बसलेलं असतं, आणि त्या बदल्यात लोखंड विरघळून गेलेलं असतं. चुना बरोबर पडला तरी पानावर वाळलेल्या बोर्डोतून दवा-पावसात तांबं थोडं थोडं सुटत राहतं, बुरशीवर तो काम करतो ते त्यामुळेच. माझ्या मडगार्डच्या सांध्यात हीच विळ्याची परीक्षा पंधरा वर्षं चालू होती. वरून कितीही भारी रंग मारला असता तरी आतलं काम थांबणार नव्हतं.

म्हणून दोन्ही पट्ट्यांचे स्पॉट वेल्ड ड्रिल मारून सोडवले. आतल्या दोन्ही बाजू चकचकीत घासल्या, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. खड्ड्यांतल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज-रिमूव्हर लावलं, पण ते पाण्याने पूर्ण धुऊन आणि हीट गनने सुकवून मगच पुढे गेलो. ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) नीट धरत नाही. दोन्ही पृष्ठांना वेगवेगळा प्रायमर दिला, मध्ये सीलंट भरलं आणि पट्टी परत वेल्ड न करता बोल्टने आवळली. वेल्ड केलं असतं तर नेमका आतला प्रायमर जळाला असता. मूळ वेल्ड गेले म्हणून काही जण नाक मुरडतील. मुरडू देत.

धुण्यात चार दिवस गेले. गिअरबॉक्सवर ग्रीस आणि मातीचा असा थर होता की खुरप्याने काढावा लागला. आमच्याकडे सगळे डिझेल मारून फडक्याने पुसतात. दिसतं स्वच्छ, पण डिझेलचा तेलकट पापुद्रा राहतोच आणि रंग त्याच्यावर बसतो. मी डिझेलनंतर गरम पाणी आणि कपड्याची पावडर, मग दाबाचं पाणी, आणि सुकल्यावर दोन फडकी घेऊन थिनर: एक ओलं, त्याच्या मागोमाग एक कोरडं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. बॅटरीची पेटी आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, ते फसफसायचं थांबेपर्यंत.

कडांचं मला या वेळीच कळलं. ओला रंग धारदार कडेवरून मागे ओढला जातो, त्यामुळे नेमका तिथे थर सगळ्यात पातळ बसतो. कानशीने सगळ्या कडा किंचित गोल केल्या आणि स्प्रे गन मारायच्या आधी कडा, बोल्टची डोकी, सांधे यांना ब्रशने प्रायमरचा एक हात दिला. दिसायला गावठी दिसतं. वरून गनचे दोन हात गेल्यावर काही कळत नाही.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी. कालवून २० मिनिटं तसाच ठेवायचा, तसं डब्यावर लिहिलंय आणि या वेळी मी डबा वाचला. पोचे भरायला हार्डनरवाली लांबी (पुट्टी) घेतली, तीही प्रायमरच्या वर आणि जितकी पातळ घासता येईल तितकी. मागच्या खेपेला मिस्त्रींनी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीचे थरावर थर दिले होते. ती आकसते, म्हणून पुढे तडकली.

वरचा रंग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. सिंथेटिक इनॅमल स्वस्त आणि ब्रशनेही मारता येतं, पण लाल रंग उन्हात टिकवायचा तर मला पीयूच बरा वाटतो. एक धोका आधीच अनुभवला: उजव्या मडगार्डवर जुनं इनॅमल घट्ट आहे म्हणून हातभर जागा तशीच ठेवून वर पीयू मारून बघितला. दहा मिनिटांत खालचा थर फुगला आणि म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडल्या. पीयूच्या कडक थिनरने इनॅमल उचललं. तेवढाच तुकडा होता म्हणून निभावलं. आणि मास्कचं मनावर घ्या. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतोच.

छटा कुठून आणली? टूलबॉक्स उतरवला तर त्याच्यामागे ऊन कधीच न लागलेला वीतभर रंग सापडला, डाळिंबासारखा गडद. आबांना हाक मारून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “शोरूममधनं आणला तवा असाच हुता.” टूलबॉक्सच घेऊन सांगलीला गेलो, गणपती पेठेतून पुढे रंगाच्या दुकानात, आणि त्यावरून मिसळून घेतला. बोनेटवरून छटा जुळवली असती तर गुलाबी ट्रॅक्टर झाला असता.

गन मारायची वेळ सकाळी ९ ते ११. त्याआधी पत्र्यावर दव असतं, नंतर मार्चचं ऊन असं तापतं की रंग पत्र्यावर पोचायच्या आत अर्धा वाळतो आणि हाताला खरखर लागतो. शेडमध्ये पाणी शिंपडून धूळ बसवली, कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडलं. मडगार्डं, डिस्क, पुढची जाळी छान निघाली. बोनेटचा दुसरा हात देऊन गन धुवायला वळलो, तर पुतण्या ओरडला, “काका, वर बघा!” पलीकडच्या रानात तोड संपलेल्या उसाचा पाला पेटवला होता. काळी राख सावकाश तरंगत शेडकडे येत होती. आम्ही चादर धरून उभे राहिलो, पण डाव्या बाजूला सात-आठ काळ्या चिंध्या बसल्याच. ओल्या रंगातून एक उचलायला गेलो आणि बोटाचा ठसाही उमटवला. मग हात मागे घेतला.

सायलेन्सर वेगळा ठेवलाय, त्याला उष्णतेचा सिल्व्हर रंग लागेल. स्टिकर रंग पूर्ण पक्का झाल्यावर.

डावं बोनेट आठवडाभर वाळवून ८०० च्या वॉटर पेपरने घासलं, राख निघाली. रविवारी परत एक हात. पाला पेटवायचा आहे का, हे या वेळी बांधाला लागून असलेल्या तिघांनाही विचारून ठेवलंय. दोघं नाही म्हणाले. तिसऱ्याचा फोन लागत नाहीये.