चामखिळीचा नाद

दुपारी मेथी निवडायला बसलं की अंगठ्याचं नख आपसूक तर्जनीवर जातं. तिथे मसुराएवढी, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी खरखरीत चामखीळ असते. तिला कुरतडल्याशिवाय हाताला चैन पडत नाही, आणि तिच्या पथ्यावर पडतं तेच. मुळात ती विषाणूची करणी. खरवडली की शेजारच्या बोटावर पिल्लं. नखं खाणाऱ्यांच्या तर नखांभोवती कुंपणच घालते.

शाळेच्या बाकावर उपायांना तोटा नसायचा. घोड्याच्या शेपटीचा केस बांध, चुना लाव, रुईचा चीक लाव. केसाचा फास देठ असलेल्या, लोंबत्या मांसल गाठीला बसतो. बसक्या चामखिळीवरून तो नुसता घसरतो. चुना नि बिब्बा काम करतात, पण आजूबाजूच्या कातडीवर. कर्कटकाने मूळ उपटणारे वीर वेगळेच. अहो, तिला मूळ नसतंच! आतले काळे ठिपके म्हणजे बारीक केशवाहिन्यांत गोठलेलं रक्त.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. रात्री बोट कोमट पाण्यात 5-10 मिनिटं बुडवायचं. मऊ पडलेली पांढरी कातडी नखं घासायच्या पट्टीने हलकेच घासायची (ती पट्टी परत नखांना लावायची नाही). कडेने व्हॅसलीन, मधोमध 17 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा थेंब, आणि तो वाळेपर्यंत हात पांघरुणाबाहेर. आग होऊ लागली तर दोन-तीन दिवस सुट्टी. तळपायाला असेल तर आधी कुरूप नाही ना ते बघावं: कुरूप सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की. चेहऱ्यावर आणि मधुमेह्यांच्या पायावर मात्र हे प्रयोग अजिबात नकोत.

असं 12 आठवडे. माणसं तिसऱ्यातच सोडतात, कारण वरून सपाट दिसायला लागतं. पण बोटाच्या रेषा तिथून पुन्हा सलग गेलेल्या दिसल्या, तरच ती गेली म्हणायची. दम निघत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन असतो. काही सेकंदांचा फवारा, मग ठणका, फोड, आणि 2-3 आठवड्यांनी पुन्हा फेरी. तरी उलटून येणारच नाही असं नाही.

गंमत म्हणजे बऱ्याच मुलांची ती वर्षा-दोन वर्षांत आपली आपण गळते, आणि त्या आठवड्यात जे लावलेलं असेल त्याचं नाव होतं. घोड्याच्या केसाची कीर्ती बहुधा अशीच झाली असावी. आता तर केस हवा असेल तर माथेरान गाठावं लागेल.