हीटिंग बंद केलं तरी बॉयलर थांबेना : माझा अनुभव

इंग्लंडमध्ये आमच्या भाड्याच्या घराची दुरुस्ती मागायला एजन्सीचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्यात बॉयलरखाली तीनच पर्याय आहेत : हीटिंग नाही, गरम पाणी नाही, गळती आहे. 'हीटिंग बंदच होत नाही' असंही कुणाचं होऊ शकतं, हे फॉर्म लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. पहिला पर्याय निवडला की तो बॉयलर रीसेट करायला सांगतो आणि मग विचारतो, रेडिएटर गरम झाले का? झाले हो, तीच तर तक्रार आहे! 'हो' म्हटलं की तक्रार निकालात.

अशी वेळ आली तर फॉर्मशी भांडण्याआधी बॉयलर खरंच जळतोय का ते बघा. आपल्याकडे गीझरचं बटण बंद केलं की गीझर मेला. घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा कॉम्बी बॉयलर तसा नाही. ज्योत विझल्यावरही आतली उष्णता बाहेर काढायला पंप आणि पंखा काही मिनिटं चालतात. शेगडी बंद ठेवून गॅसचा मीटर बघा. आकडे हलत नसतील तर तो फक्त पंप आहे. २४ किलोवॉटचा बॉयलर पूर्ण जोरात जळताना मिनिटाला साधारण ०.०४ घनमीटर गॅस घेतो, म्हणजे दशांशाचे आकडे डोळ्यांदेखत सरकतात.

जळतोय, पण दर थोड्या वेळाने काही सेकंदच, आणि रेडिएटर थंड आहेत? मग नळाला लगेच गरम पाणी मिळावं म्हणून बहुधा प्रीहीट चालू असेल. ते 'इको'वर टाका. गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर बॉयलर असेल आणि बाहेर गोठणारी थंडी असेल, तर पाइप फुटू नयेत म्हणून तो आपणहून पेटतो. तेव्हा त्याची वीज तोडू नका.

आता खरी चाचणी. बॉयलरवर रेडिएटरचं चित्र असलेलं बटण पूर्ण बंदवर न्या, नळाच्या चित्राचं तसंच राहू द्या. बॉयलर थांबला तर दोष त्याच्या बाहेर आहे : थर्मोस्टॅट, त्याचा संदेश घेणारा रिसीव्हर, वायरिंग किंवा झोनचा, म्हणजे घराच्या एकेका भागाचा, व्हॉल्व्ह. थांबला नाही तर आतला डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता रेडिएटरकडे की नळाकडे ते ठरवणारा), फ्लो सेन्सर (नळाचं पाणी वाहतंय का ते ओळखणारा) किंवा सर्किट बोर्ड. सेन्सरचा संशय असेल तर बॉयलरखाली थंड पाणी आत येतं तिथली झडप बंद करून बघा. ज्योत विझली तर कुठून तरी पाणी वाहतंय, बहुतेक वेळा मिक्सर शॉवरमधून. न विझली तर सेन्सर अडकलाय किंवा दोष बोर्डात आहे. दोष बॉयलरबाहेर असेल तर दुरुस्ती होईपर्यंत निभावायलाही बटणाचीच युक्ती, हीटिंगचं बटण बंद ठेवलं तरी अंघोळीला गरम पाणी मिळतं.

आमच्याकडे बॉयलर थांबला. थर्मोस्टॅट दोन्ही मजल्यांचे बंद, रिसीव्हरवरचे दिवे विझलेले, तरी खालच्या मजल्याचे रेडिएटर तापलेले आणि वरचे गार. हे सगळं फॉर्मच्या 'इतर माहिती'त लिहिलं, आणि तिथून पुढे सगळं अडलं.

गॅस इंजिनिअर आला. त्याने बॉयलर उघडला, दाब आणि ज्वलन तपासलं, म्हणाला बॉयलर ठणठणीत आहे. खरंच होता. बॉयलरला तारेवरून 'पेट' असा हुकूम येतोय, तो पेटतोय. पण तो हुकूम कुठून येतो हे बघणं त्याच्या कामात नाही, ते इलेक्ट्रिशियनचं. एजन्सीने अहवालातलं 'दोष आढळला नाही' एवढंच वाचून तक्रार बंद केली. पुन्हा उघडली तर पुन्हा तोच गॅस इंजिनिअर नेमला. इलेक्ट्रिशियन मागितला तर उत्तर आलं की पाण्याचा व्हॉल्व्ह म्हणजे प्लंबिंग, आणि प्लंबर म्हणाला की तारा आहेत, मी हात लावत नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि बिल आमचं.

ज्या डब्यावरून हे रणकंदन झालं तो तळहातावर मावतो. आमच्या एअरिंग कपबोर्डमध्ये, म्हणजे कपडे उबदार ठेवायच्या कपाटात, प्रत्येक झोनच्या पाइपवर एक टू-पोर्ट (दोन तोंडांचा) व्हॉल्व्ह आहे. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की त्याची छोटी मोटर व्हॉल्व्ह उघडते. पूर्ण उघडला की आतला मायक्रोस्विच दाबला जातो आणि करड्या तारेतली कायमची वीज नारिंगी तारेतून बॉयलरकडे जाते. मागणी संपली की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटते. दांडा गंजून अडकला तर स्प्रिंगला तो हलत नाही. मग स्विच दाबलेला, नारिंगी तार जिवंत, बॉयलर चालू, आणि त्या मजल्याचे रेडिएटर गरम. व्हॉल्व्ह मिटला पण नुसता स्विचच चिकटला, तर रेडिएटर थंड राहतात आणि बॉयलर मात्र पेटत-विझत राहतो.

ओळखायला बाजूची धातूची कळ पुरे. झोन बंद असताना ती सरकवताना स्प्रिंगचा चांगला जोर लागला पाहिजे. ढिली लागली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. आमची ढिली होती. याचा व्हिडिओ, तापलेल्या रेडिएटरचा आणि विझलेल्या दिव्यांचा फोटो, दहा मिनिटांच्या अंतराने काढलेले मीटरचे दोन फोटो, एवढं ईमेलने पाठवलं. सोबत एक वाक्य : लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्ट १९८५ च्या कलम ११ नुसार घर आणि पाणी तापवणारी यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं घरमालकाचं काम आहे, आणि व्हॉल्व्ह त्या यंत्रणेतच येतो. कलमाचा आकडा दिसल्यावर हीटिंग कंट्रोलचं काम जाणणारा माणूस आला. पहिल्याच दिवशी यायला हवा होता तो. हे कलम इंग्लंडमधल्या भाडेकरूंसाठी; वेल्समध्ये डिसेंबर २०२२ पासून वेगळा कायदा आहे.

त्याने व्हॉल्व्हवरचं मोटरचं हेड काढून दांडा बोटांनी फिरवून पाहिला. फिरला तर नुसतं हेड बदलून भागतं, पाणी काढावं लागत नाही. आमचा फिरला नाही, म्हणून पाणी काढून अख्खा व्हॉल्व्ह बदलला. तुमच्याकडे असं झालं तर गंजरोधक द्रव पुन्हा घालायला लावा, विसरतात. थंड असताना दाब १ ते १.५ बारवर आला पाहिजे.

सांगायचं राहिलं : करडी तार थर्मोस्टॅट बंद असतानाही जिवंत असते. हेडचं झाकण उघडायचं तर आधी फ्यूज्ड स्पर, म्हणजे हीटिंगची वीज तोडणारा फ्यूजवाला स्विच, बंद. आणि बॉयलरचं आवरण कधीच उघडू नका, ते 'गॅस सेफ' या गॅस इंजिनिअरांच्या अधिकृत नोंदवहीत नाव असलेल्याचं काम. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं, वाचून घ्या. गॅसचा वास आला तर मीटरजवळची कळ पाइपला आडवी करा, खिडक्या उघडा, बाहेर जा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

दुरुस्तीवाला दारात असतानाच प्रत्येक झोन एकेक करून चालू-बंद करून घ्या. बॉयलर विझतो का ते मीटरवर बघा. पंपाची मिनिटं संपेपर्यंत त्याला चहा द्या, पण सही त्यानंतरच. आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दोन्ही झोन पाच-दहा मिनिटं चालवा, महिनोन्‌महिने न हललेला दांडाच अडकतो.