तुम्ही विचारलंत म्हणून : सर्वांना मोफत मिळणाऱ्या प्लगिनसाठी वर्गणी कशाला?

‘फुकटच द्यायचंय म्हणता, मग पैसे कशाला मागायलाय ओ सर?’ हा प्रश्न मला खानापुरातल्या डीटीपीच्या दुकानांत, बेळगावच्या न्यायालयाबाहेर बसून दस्त लिहून देणाऱ्या बाँड रायटरांकडून आणि निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या फोनवर सतत ऐकावा लागतो. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो आणि तो अधिक रास्त आहे : ज्याने वर्गणी दिली आणि ज्याने दिली नाही, त्या दोघांच्याही हाती तेच प्लगिन पडणार असेल, तर देणाऱ्याने का द्यावे? उभ्याउभ्या दिलेले उत्तर दर वेळी अर्धवट राहते, म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो.

आमच्या लहानशा गटाचे प्लगिन, म्हणजे मूळ प्रोग्रामला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिब्रेऑफिस या कागदपत्रे टंकण्याच्या मोफत प्रोग्राममध्ये चालते. लिब्रेऑफिसवाले त्याला एक्स्टेन्शन म्हणतात, पण आमच्याकडे सगळे प्लगिनच म्हणतात, तेव्हा मीही तसेच म्हणेन. कन्नड लिपीत टंकलेला मजकूर ते देवनागरीत आणून ठेवते. ते भाषांतर करत नाही. नावे, गावे, नाते, हिस्सा आणि सर्व्हे नंबर मराठी वाचणाऱ्याला वाचता यावेत, एवढेच त्याचे काम आहे. कर्नाटक सरकारच्या भूमी योजनेखाली संगणकावर गेलेला आरटीसी उतारा (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद), ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलची नोटीस हे सारे कन्नडमध्ये असते. शाळेत कन्नड शिकलेली मुले ते वाचतात, पण जमीन ज्यांच्या नावावर आहे त्या आजी-आजोबांना आपलेच नाव त्या कागदावर ओळखता येत नाही, अशी घरे खानापूर तालुक्यात पुष्कळ आहेत. देवनागरीतली प्रत हा कायदेशीर कागद नव्हे, हे आम्ही प्रत्येक पानाच्या तळाशी छापतो. वाटणीपत्राला किंवा खरेदीपत्राला आधार मूळ उताऱ्याचाच घ्यायचा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल काहीही लागला, तरी आज हातात असलेला उतारा आजच वाचावा लागतो. त्यामुळे या प्लगिनला कोणी झेंड्याशी बांधू लागले की मी विषय बदलतो. उलट दिशेचे लिप्यंतर, म्हणजे देवनागरीतून कन्नडमध्ये, आम्हाला एका कन्नडभाषक शिक्षकांनी तपासून दिले आहे.

आता पैसे कशासाठी लागतात, ते सांगतो. कारण बहुतेकांचा समज असा असतो की हे काम एखाद्या हुशार पोराने एका दुपारी उरकण्याजोगे आहे. त्या समजात थोडे तथ्यही आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रणालीने भारतीय लिप्यांची मांडणी १९८८च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली, त्यामुळे देवनागरी आणि कन्नड या लिप्यांतली अक्षरे एकाच क्रमाने लावलेली आहेत. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि कन्नड ‘क’चा ३२२१. दोहोंतला फरक ८९६, आणि तोच फरक ‘ख’ला, ‘ग’ला, ‘ळ’ला, काना-मात्रांनाही लागू पडतो. प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा करा, की कन्नड मजकूर देवनागरीत आला. एवढे खरोखरच एका दुपारी होते.

त्या दुपारनंतर पडद्यावर जे दिसते, ते मात्र कोणा मराठी माणसाला देण्यासारखे नसते. खानापूर ‘खानापुर’ होते, निपाणी ‘निप्पाणि’ होते, चिकोडी ‘चिक्कोडि’ होते, कारण कन्नडमध्ये ती नावे तशीच लिहितात आणि तिथे ती बरोबरच आहेत. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ ही स्वतंत्र अक्षरे आहेत; वजाबाकीने ती देवनागरीतल्या अशा चिन्हांवर जाऊन बसतात, जी मराठी वाचकाने कधी पाहिलेली नसतात. काही टंकलेखक ‘पाटील’च्या शेवटी हलन्ताचे चिन्ह देतात, काही देत नाहीत, म्हणून एकाच घरातले दोन भाऊ एकाच कागदावर दोन आडनावांचे होतात. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ करावेत, हा मराठीचा नियम प्लगिनला शिकवला की ‘मारुति’चा ‘मारुती’ होतो आणि सगळे खूश होतात. मग अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, हा नियम घातला की ‘खानापुर’चे ‘खानापूर’ होते, पण त्याच क्षणी ‘अरुण’चा ‘अरूण’ होतो, कारण तत्सम शब्दांना तो नियम लागू नाही आणि ‘अरुण’ तत्सम आहे हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते.

हे सांगणे म्हणजेच काम आहे. तालुक्यातली गावांची नावे, मळ्यांची आणि शेतांची नावे, आडनावे, व्यक्तिनामे यांच्या याद्या कोणीतरी बसून कराव्या लागतात. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने त्या वाचाव्या लागतात. वाद पडला तर त्या गावच्या माणसाला फोन करून तुमच्याकडे हे कसे लिहितात, असे विचारावे लागते. त्यावर जुन्या फाँटांचा जाच वेगळाच आहे. युनिकोडच्या आधी ज्यांनी श्रीलिपीत मराठी किंवा नुडीत कन्नड टंकून ठेवले, त्यांच्या फायलींत अक्षरांचे क्रमांक त्या त्या फाँटापुरते असतात, तेव्हा आमची ८९६ची वजाबाकी तिथे मुळीच चालत नाही आणि प्रत्येक फाँटासाठी वेगळा तक्ता करावा लागतो. ही कामे करणारी मुलगी संगणकशास्त्र शिकलेली आहे, तिला बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांत नोकरी मिळू शकते आणि तिच्या वेळाला किंमत आहे. रात्री जागून सेवाभावाने तिने हे करावे, असे सुचवणाऱ्यांना मी विचारतो की तुमच्या दुकानात लग्नपत्रिकेचे काम तुम्ही सेवाभावाने करता का?

म्हणजे वर्गणी मागतो ती हे काम करवून घेण्यासाठी. काम एकदा झाले की त्याची दुसरी प्रत काढायला काहीच खर्च येत नाही, म्हणून प्रतीचे पैसे आम्ही घेत नाही. कायद्याने घेता येत नाहीत असे मात्र नव्हे. आम्ही ज्या जीपीएल या खुल्या प्रोग्रामांच्या परवान्याखाली ते प्रसिद्ध करतो, तो प्रतीचे पैसे घ्यायला मनाई करत नाही. प्रत देताना तिचा स्रोतही, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो ते मूळ लिखाणही, उपलब्ध करून द्यावा आणि पुढे बदल करून वाटणाऱ्याने तेच स्वातंत्र्य इतरांना द्यावे, एवढीच त्याची अट आहे. आम्ही प्रत विकली, तर विकत घेणारा पहिलाच माणूस ती गावभर मोफत वाटू शकेल आणि त्याला कोणी अडवू शकणार नाही. तेव्हा पैसे मागायचे ते कामाआधी, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

हा मार्ग आम्ही शोधलेला नाही. त्रिमितीय चित्रे करण्याचा ब्लेंडर हा प्रोग्राम ज्या कंपनीचा होता, ती २००२ मध्ये बंद पडली. तिच्या गुंतवणूकदारांनी १,००,००० युरो मिळाल्यास स्रोत खुला करण्याची तयारी दाखवली आणि ब्लेंडरचे जनक टोन रोझेनडाल यांनी लोकांना केलेल्या आवाहनावर ती रक्कम सात आठवड्यांत जमली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएलखाली खुला झाला. पैसे देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते की न देणाऱ्यालाही तो मिळणार आहे. मोजणीच्या क्षेत्रातल्या लोकांना जवळचे उदाहरण क्यूजीआयएस या नकाशांच्या खुल्या प्रोग्रामचे आहे : त्यात लेसर मोजणीतून येणारे बिंदूंचे ढग उघडता यावेत, म्हणून २०२० मध्ये तीन कंपन्यांनी मिळून वापरणाऱ्यांकडून निधी जमवला आणि २०२१च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.१८ आवृत्तीत ती सोय सर्वांना मिळाली.

आमची पद्धत याच धर्तीची, पण बेळगावी मापाची आहे. पुढच्या टप्प्यात काय होईल आणि काय होणार नाही, हे आधी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून काढतो. उदाहरणार्थ, ‘हुक्केरी आणि अथणी तालुक्यांतली गावे, आणि श्रीलिपीचा एक तक्ता’. रक्कम आणि मुदत ठरवतो. पैसे यूपीआयने येतात, बहुतेक शंभर-पाचशे रुपयांचे, आणि प्रत्येक रुपयाची यादी देणाऱ्यांना पाठवली जाते. मुदतीत रक्कम पुरी झाली नाही, तर काम सुरू न करता सगळ्यांचे पैसे परत जातात. अर्ध्या पैशात अर्धे काम करून द्या, असा आग्रह धरणारे भेटतात, पण अर्धी यादी घातलेले प्लगिन हे यादी नसलेल्या प्लगिनहून वाईट असते, कारण ते कुठे चुकणार याचा वापरणाऱ्याला अंदाज येत नाही. एकेका सोयीवर बक्षीस लावून जो आधी करेल त्याला द्यावे, हाही सल्ला मिळतो. तसे केले, तर पैसे प्रोग्राम लिहिणाऱ्याला जातात आणि याद्या तपासणारे कोरडे राहतात. आमच्या कामात खरा घाम तर त्यांचाच आहे.

आता त्या रास्त प्रश्नाकडे येतो. देणाऱ्याला वेगळे काय मिळते? पुढच्या टप्प्यात काय घ्यायचे, हे ठरवण्यात त्याचे मत असते, आणि व्यवहारी माणसाला तेवढे पुरते. ज्या बाँड रायटरकडे रोज हुक्केरीकडची गिऱ्हाइके येतात, त्याला हुक्केरीची यादी या वर्षी हवी असते. ती शेजाऱ्यालाही मिळाली, म्हणून त्याचा वेळ वाचायचा थांबत नाही. राहिला न देणारा. तो आमचे काही नेत नाही. त्याच्या संगणकावर प्लगिन चालले म्हणून आमचा खर्च वाढत नाही, आणि चुकलेले नाव त्याने कळवले, तर तो वर्गणीदाराइतकाच उपयोगी पडतो. एका निवृत्त तलाठ्यांनी एक पैसाही न देता आमच्या शेतनावांच्या यादीतली पानेच्या पाने दुरुस्त करून दिली आहेत. त्यांना किल्ली लावलेली प्रत देण्याचा, म्हणजे पैसे भरल्याशिवाय न उघडणारी प्रत देण्याचा विचार मला तरी करवत नाही. शिवाय ती किल्ली सांभाळण्याचा खर्च वेगळा होईल.

आमच्या बैठकीत कोणीतरी हटकून म्हणते की हे गणपतीच्या वर्गणीसारखेच आहे, दिली काय आणि नाही दिली काय, दर्शन सगळ्यांना. मंडळांच्या या शहरात ते बोलणे लगेच पटते, पण माझा त्याला आक्षेप आहे. मंडळाचा खर्च विसर्जनाबरोबर संपतो आणि हिशेब मिटतो. प्लगिनचा खर्च ते प्रसिद्ध झाले, त्या दिवसापासून सुरू होतो. लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. दर वेळी आतले काहीतरी हलते आणि काल चालणारे बटण आज चालत नाही. दुकानदाराचा फोन येतो तो त्याच दिवशी, आणि गिऱ्हाईक समोर बसलेले असते. नवीन सोयीसाठी लोक आनंदाने पैसे देतात. आहे ते चालू ठेवण्यासाठी मागितले की चेहरे उतरतात. ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. इंटरनेटवरचे कितीतरी व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला, तेव्हा जगाला कळले की त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. म्हणून आम्ही दर टप्प्याच्या रकमेतला एक भाग बाजूला ठेवतो आणि तो फक्त देखभालीवर खर्च करतो. मंडळी यावर कुरकुरतात, पण या बाबतीत मी ऐकत नाही.

मोठ्या निधीकडे का जात नाही, असेही विचारले जाते. बंगळूरच्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या स्रोताच्या प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातली किमान मदत १०,००० डॉलरची आहे आणि ती मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे. चार-पाच तालुक्यांतल्या नावांच्या याद्या त्या मापात बसत नाहीत आणि बसाव्यात अशी अपेक्षाही नाही. ज्यांची शेते त्या याद्यांत आहेत, त्यांनीच त्यांचा खर्च उचलणे मला योग्य वाटते.

परदेशातून वर्गणी पाठवू पाहणाऱ्या बेळगावकरांसाठी एक खुलासा. भारतीय पारपत्र असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे आम्ही घेतो. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी परकीय योगदान नियमन कायद्यात परदेशी ठरते आणि आमच्याकडे त्याची नोंदणी नाही. तेव्हा ती परत पाठवावी लागते, यात अनादर नाही. देणगीवर आयकर सवलतीची पावतीही आम्ही देऊ शकत नाही, कारण आम्ही नोंदणीकृत न्यास नाही.

चालू टप्प्याची रक्कम मुदतीत जमली नाही, तर हुक्केरी-अथणीची यादी या वर्षी होणार नाही आणि वर्गणी परत जाईल. आहे ते प्लगिन मात्र काढून घेतले जाणार नाही. बाजूला ठेवलेला देखभालीचा भाग पुरेल तोवर ते नव्या आवृत्तीवर चालवून दाखवू, आणि त्यानंतर कोणाला ते पुढे न्यावेसे वाटले, तर स्रोत, याद्या आणि फाँटांचे तक्ते परवान्यासह खुले आहेत.